'डिप्लोमावाला' हा शिक्का आणि दुसऱ्या वर्षातला ताण

दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, हा रस्ता रत्नागिरी जिल्ह्यातल्या घरांना चांगला परिचयाचा आहे. लांजा, राजापूर, संगमेश्वर, गुहागरकडची मुलेमुली दहावी झाली की शासकीय तंत्रनिकेतनाचा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या 'गव्हर्नमेंट पॉली'चा अर्ज भरतात. तीन वर्षांनी कुणी लोटे परशुरामच्या एमआयडीसीत कामाला लागते, कुणी पुण्याला चाकणकडे जाते. ज्यांचे टक्के चांगले असतात आणि घरची तयारी असते, ती डिग्रीला जातात. कुणी रत्नागिरीतच फिनोलेक्स अकॅडमीत, कुणी देवरुखजवळ आंबवला, कुणी खेड तालुक्यात लवेलला, तर कुणी मुंबई, पुणे, सांगली, कोल्हापूरला.

घरच्यांच्या दृष्टीने ही वर चढण्याची पायरी असते. गावात पेढे वाटले जातात. आणि नेमक्या याच सुमारास काही मुलांची झोप उडते, भूक जाते, डोके दुखू लागते. तीन वर्षे वर्गात पहिल्या पाचात असलेली मुलगी दोन महिन्यांत "मला जमणार नाही, मी परत येते" असे म्हणू लागते. घरच्यांना वाटते, अभ्यास झेपत नसेल किंवा मेसचे जेवण सोसत नसेल. दोन्ही शक्य आहे. पण पुष्कळदा त्यामागे आणखी एक गोष्ट असते. ती मुले स्वतःहून सांगत नाहीत, कारण सांगण्यासारखे काही घडले आहे असे त्यांना वाटतच नाही.

अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याला मी एक प्रश्न हमखास विचारतो: वर्गात शेवटची शंका कधी विचारलीस? थोडा वेळ शांतता असते. मग उत्तर येते, "इथे आल्यापासून नाहीच विचारली."

आधी काही गैरसमज

थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलांविषयी कॉलेजात बोलल्या जाणाऱ्या काही गोष्टी सरळ चुकीच्या आहेत, त्या आधी बाजूला करू. "सीईटी न देता मागच्या दाराने आले" हे त्यातले पहिले. हा प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फतच, गुणवत्ता यादीनुसार होतो. फरक एवढाच की यादी सीईटीच्या नव्हे, डिप्लोमाच्या गुणांवर लागते. नामांकित सरकारी कॉलेजांच्या मोठ्या शाखांना कट-ऑफ नव्वदीच्या पुढे असतो. मागचे दार म्हणावे तर त्याला चांगलेच कुलूप आहे.

"आमच्या जागा खाल्ल्या" हे दुसरे. थेट दुसऱ्या वर्षासाठी मंजूर प्रवेशक्षमतेच्या वर १० टक्के जादा जागा असतात, आणि पहिल्या वर्षानंतर रिकाम्या राहिलेल्या जागा त्यात मिळतात. म्हणजे बारावीनंतर आलेल्या कुणाचीही जागा त्यात जात नाही.

आणि "हुशार असता तर बारावी सायन्स केले नसते का?" हे तिसरे. याचे उत्तर प्रत्येक घरात वेगळे मिळेल. कुठे वडिलांची होडी आहे आणि मासळीचा भरवसा नाही. कुठे मोठ्या भावाच्या वेळी बारावीच्या क्लासला गेलेले पैसे अजून फिटायचे आहेत. कुठे घरच्यांचा हिशोब साधा असतो: तीन वर्षांत हातात काहीतरी पडते, पुढचे पुढे बघू. सोळाव्या वर्षी घेतलेला हा निर्णय बहुधा पैशांचा आणि जोखमीचा असतो. बुद्धीचा निवाडा त्यात नसतो.

अडचण खरी आहे, पण तिला हद्द आहे

तरीही "काही फरक नाही, सगळे मनाचे खेळ आहेत" असे म्हणणे विद्यार्थ्यावर अन्याय करणारे आहे. फरक असतो, आणि तो नेमका कुठे असतो हे कळले तर निम्मी भीती जाते.

सर्वात मोठा फरक गणिताचा. डिग्रीच्या पहिल्या वर्षात गणिताचे दोन पेपर होतात. डिप्लोमात गणित असते, पण शाखेनुसार कमी-जास्त, आणि एकूण वजन प्रत्यक्ष कामाकडे. तिसऱ्या सत्राच्या गणितात लाप्लास आणि फूरिए समोर येतात तेव्हा बारावीवाल्याच्या हाताला इंटिग्रेशनची सवय ताजी असते. डिप्लोमावाल्याने ते शेवटचे केले त्याला कदाचित दोन वर्षे झालेली असतात.

दुसरा फरक परीक्षेच्या पद्धतीचा, आणि याकडे कुणी फारसे लक्ष देत नाही. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ मागच्या प्रश्नपत्रिकांसोबत नमुना उत्तरेही संकेतस्थळावर ठेवते. तीन वर्षे मुले त्यावरून तयारी करतात, आणि त्या परीक्षेसाठी ते योग्यच असते. विद्यापीठाच्या पेपरला तशी सोय मिळेलच असे नाही. उत्तर किती लिहायचे, सिद्धता कुठून सुरू करायची, हे ठरवण्याची सवय नव्याने लावावी लागते.

तिसरा फरक निव्वळ तारखांचा. डिप्लोमाचा निकाल, मग प्रवेशाच्या फेऱ्या, मग कागदपत्रांची तपासणी. तोवर वर्ग सुरू होऊन काही आठवडे झालेले असतात. म्हणजे शर्यतीत मागे पडण्याआधीच शर्यत सुरू झालेली असते.

हा अनुभव फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत दोन वर्षांची 'कम्युनिटी कॉलेज' असतात. इलिनॉय राज्यातले जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ साली सुरू झाले, ते त्यातले सर्वात जुने मानले जाते. कमी खर्चात तिथे दोन वर्षे करून मुले विद्यापीठात पुढच्या वर्षाला जातात. विद्यापीठातल्या पहिल्या सत्रात त्यांचे गुण थोडे घसरतात आणि पुढे पुन्हा सावरतात, असे अनेक पाहण्यांत दिसले. जॉन हिल्स या अभ्यासकाने १९६५ मध्ये याला 'ट्रान्सफर शॉक' म्हटले. धक्का या शब्दातच त्याची मुदतही आली: तो बसतो आणि ओसरतो. तुमचे पहिल्या सत्राचे गुण डिप्लोमापेक्षा कमी आले, तर ते या रस्त्यावरचे नेहमीचे वळण आहे हे आधीच माहीत असलेले बरे.

मग काही मुलांचा धक्का ओसरत का नाही? इथे शिक्क्याचा प्रश्न येतो.

शिक्का बसतो कसा

समजा, राजापूर तालुक्यातली एक मुलगी आहे. सिव्हिलचा डिप्लोमा ८८ टक्के. मुंबईच्या एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला. वर्ग सुरू होऊन महिना झाला आहे. हजेरीपटावर उशिरा आलेल्यांचे रोल नंबर शेवटी जोडले जातात, आणि प्रॅक्टिकलच्या बॅच रोल नंबरवरून पडतात. त्यामुळे डिप्लोमाची सगळी मुले शेवटच्या बॅचमध्ये एकत्र. कुणी ठरवून केलेले नसते, पण वर्गात एक रेघ आखली जाते. बाकीच्यांचे गट पहिल्या वर्षीच जमलेले असतात.

सर फळ्यावर दोन पायऱ्या गाळून पुढे जातात: "हे तर तुमचे फर्स्ट इयरला झालेच आहे." ती मान डोलावते. व्हायवाला एक उत्तर अडखळते, तेव्हा विचारले जाते, "डिप्लोमा का? तरीच." शेजारचे दोघे हसतात. तेवढेच. कुणी अपमान केला असे म्हणता येत नाही, तक्रार करावी असेही काही नसते. पण त्या दिवसापासून ती हात वर करत नाही. शंका विचारली की आपण कुठून आलो ते दिसते, असा धडा ती शिकलेली असते.

मग गणपती येतात. कोकणातले पोर गणपतीला घरी येणारच. पाच-सात दिवसांचे वर्ग बुडतात. घरी मुंबईहून आलेले काका विचारतात, "म्हणजे बारावी केलीच नाहीस तू?" विचारण्यात वाईट हेतू नसतो. परत गेल्यावर पहिल्या चाचणीत वीसपैकी सहा मिळतात. घरी फोनवर ती सांगते, "ठीक आहे सगळे."

या गोष्टीत गणिताची अडचण महिन्याभराची होती. चार संध्याकाळी कुणाजवळ बसून ती सुटली असती. विचारणे थांबले म्हणून ती साचली. साचली म्हणून गुण गेले. गुण गेले म्हणून 'तरीच' हा शब्द तिला स्वतःलाच पटला. शिक्क्याचे खरे नुकसान या गप्प बसण्यातून होते. टोमणा मारणारा दोन मिनिटांत विसरतो. गप्प बसणे सत्रभर चालते.

डोक्यात काय होते

गणित सोडवताना आपण मनात एक कच्ची पाटी वापरतो. मधली आकडेमोड, पुढची पायरी, सूत्र, सगळे काही क्षण तिच्यावर लिहिलेले असते. ही पाटी सगळ्यांचीच लहान असते. "मी चुकलो तर हे म्हणतील, डिप्लोमावाला आहे" ही काळजी त्याच पाटीवर जागा घेते. सोडवायला उरलेली जागा कमी पडते, म्हणून घरी सुटणारे उदाहरण वर्गात सुटत नाही.

क्लॉड स्टील आणि जोशुआ अॅरनसन या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये अमेरिकेत कृष्णवर्णीय आणि गोऱ्या विद्यार्थ्यांना एक अवघड भाषिक चाचणी दिली. ही तुमच्या बौद्धिक कुवतीची चाचणी आहे असे सांगितले, तेव्हा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची कामगिरी घसरली. तीच चाचणी साधा प्रयोग म्हणून दिली, तेव्हा फरक बराच कमी झाला. या विषयावर पुढे खूप वाद झाले, परिणाम नेमका किती मोठा यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण आपल्या देशातला एक प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे भूलभुलैये सोडवायला दिले. सुटेल त्याप्रमाणे पैसे. जात कुणाला सांगितली नव्हती तेव्हा वरच्या आणि खालच्या मानल्या गेलेल्या जातींतल्या मुलांच्या कामगिरीत फरक नव्हता. सर्वांसमोर नाव, बापाचे नाव आणि जात वाचून दाखवली, तेव्हा खालच्या मानलेल्या जातींची मुले मागे पडली. भूलभुलैये तेच, मुलेही तशीच. मध्ये आली ती फक्त घोषणा.

'डिप्लोमावाला' हा शिक्का जातीच्या शिक्क्याइतका खोल नाही, तो तीन वर्षांत पुसला जाऊ शकतो. पण शिक्के एकावर एक बसतात हेही खरे. राखीव जागेवरून आलेला, मराठी माध्यमातला, खेड्यातला आणि वर डिप्लोमावाला, अशा मुलाला एका टोमण्यात चार ऐकू येतात.

एक उपकथा सांगतो. आयटीआय झालेल्या मुलांना डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. तिथे त्यांना 'आयटीआयवाले' म्हणणारी मुले बहुधा हीच, दोन वर्षांनी स्वतः 'डिप्लोमावाले' होणारी. आणि आम्ही डॉक्टरांनी फार हसू नये. जुन्या गावांत एलसीपीएस किंवा एलएमपी असे लिहिलेल्या पाट्या असत. हे लायसेन्शिएट डॉक्टर. मुंबईचे कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स १९१२ चे. खेड्यापाड्यांतले बाळंतपण, ताप, मोडलेले हात त्यांनीच सांभाळले, तरी एमबीबीएसवाल्यांच्या नजरेत ते दुय्यम राहिले. १९४६ च्या भोर समितीने तो अभ्यासक्रम बंद करून सगळ्यांसाठी एकच पदवी सुचवली, आणि त्यानंतर कित्येक लायसेन्शिएट डॉक्टर, केस पांढरे होऊ लागल्यावर, कंडेन्स्ड कोर्स करून एमबीबीएस झाले. त्यांच्या रोग्यांना मात्र पाटीवर काय लिहिले आहे याने काही फरक पडला नव्हता.

शरीर काय सांगते

सततच्या धास्तीत शरीर अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉलच्या जोरावर चालते. त्याची लक्षणे ओळखीची आहेत: अंथरुणावर पडून तासभर झोप न लागणे किंवा पहाटे तीन-चारला जाग येणे, डोके घट्ट बांधल्यासारखे दुखणे, छातीत धडधड, जळजळ, प्रॅक्टिकलच्या आधी पोटात मुरडा येऊन शौचास धावावे लागणे. चिडचिड वाढते. जर्नल पूर्ण असूनही सबमिशनला जाववत नाही. रूमवर बसून तासन् तास मोबाईल पाहणे हा आळस असतोच असे नाही, बऱ्याचदा ती पळवाट असते.

डॉक्टरांकडे आल्यावर आम्ही सगळे मनावर ढकलत नाही. मुलींमध्ये हिमोग्लोबिन कमी असणे फार सामान्य आहे. बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉईडही गरजेप्रमाणे तपासतो. चहा दिवसाला सात-आठ कप, एनर्जी ड्रिंक, तंबाखू, मावा हेही विचारतो. दोन गोष्टी एकत्र असू शकतात.

नव्या परिस्थितीत आल्यावर साधारण एक ते तीन महिन्यांत सुरू झालेला, रोजच्या कामात अडथळा आणणारा असा ताण असेल, तर त्याला आम्ही समायोजन विकार म्हणतो. वेळीच मदत मिळाली तर तो बहुधा काही महिन्यांत बरा होतो. मात्र दोन आठवडे किंवा जास्त काळ, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास, कशातच रस नाही, स्वतःविषयी 'मी कुचकामी' असा पक्का समज, झोप-भूक बिघडलेली, असे असेल तर ते नैराश्य असू शकते. त्याला उपचार लागतात. 'मन रमव, सगळे ठीक होईल' एवढ्याने ते जात नाही.

विद्यार्थ्याने काय करावे

आधी अडचण आणि शिक्का वेगळे करा. एका कागदावर लिहा: मला नेमके काय येत नाही? 'गणित येत नाही' असे लिहू नका; 'आंशिक अपूर्णांक करून इंटिग्रेशन येत नाही' असे लिहा. अशी यादी केली की बहुधा दहा-बारा ओळींत संपते, आणि दहा-बारा ओळींना संध्याकाळी लावता येतात. पहिल्या वर्षाची गणिताची पुस्तके जुन्या बाजारात किंवा तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडे सहज मिळतात.

मग शंका विचारण्याची सवय परत लावा, पण एकदम भर वर्गात नको. पहिला आठवडा तास संपल्यावर सरांना गाठून एक शंका. पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिकलला एक. मग वर्गात. भीतीच्या उपचारात आम्ही हीच पद्धत वापरतो: जे टाळतो त्याच्याजवळ थोडे थोडे जायचे. प्रत्येक वेळी घडते ते मनात रंगवलेल्यापेक्षा बरेच सौम्य असते.

तुमच्याकडे काय आहे तेही मोजा. लेथवर जॉब काढलेला, सर्व्हेला उन्हात उभा राहिलेला, पॅनल जोडलेला हात वर्गात सगळ्यांकडे नसतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी प्रोजेक्टचे गट पडतात तेव्हा डिप्लोमाच्या मुलांना मागणी येते, हे कुठल्याही शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारून पाहा. गणिताच्या बदल्यात ड्रॉइंग शिकवायचे, असा सौदा एखाद्या बारावीवाल्या मित्राशी करून टाका. दोघांचेही काम होते आणि शेवटच्या बॅचबाहेर एक ओळख होते.

डिप्लोमाच्या मुलांनी एकमेकांना धरून राहणे चांगलेच, पहिले दोन महिने तोच आधार असतो. पण फक्त तेवढ्यातच राहिले तर "आपल्याला इथे असेच वागवणार" हा सूर पक्का होतो. मोबाईलवरचा ग्रुप त्यासाठी एकदा वाचून पाहा.

आणि थट्टेची छळवणूक झाली असेल, तर ती रॅगिंगमध्ये येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांत 'नवीन किंवा इतर कोणताही विद्यार्थी' असे शब्द आहेत, त्यामुळे ते संरक्षण पहिल्या वर्षापुरते नाही. मदतीचा क्रमांक १८००-१८०-५५२२.

शिक्षक आणि पालकांसाठी

शिक्षकांच्या हातात सर्वात सोपे उपाय आहेत. प्रॅक्टिकलच्या बॅच मिसळून पाडाव्यात. "हे फर्स्ट इयरला झाले आहे" ऐवजी "हे ज्यांना आठवत नसेल त्यांनी अमुक प्रकरण पाहा" म्हणावे. बारावीवाल्यांतल्याही निम्म्यांना ते आठवत नसतेच. गणिताच्या ब्रिज कोर्सची कल्पना चांगली आहे, पण संध्याकाळी उशिरा 'डिप्लोमा बॅच' अशी पाटी लावून घेतलेला तास शिक्का अधिक गडद करतो. तोच तास सर्वांना खुला ठेवा. पहिल्या वर्षाच्या गणितात केटी लागलेली मुलेही येऊन बसतील, आणि मग तो कुणा एकाचा राहणार नाही.

हे एवढे आग्रहाने सांगण्याला आधार आहे. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सुमारे तासभर वरच्या वर्गातल्या मुलांचे अनुभव वाचायला दिले: "आपण इथले नाही असे आम्हालाही वाटायचे, पुढे ते गेले." ज्यांच्यावर शिक्का होता त्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे पुढच्या तीन वर्षांतले गुण सुधारले, तब्येतीच्या तक्रारीही कमी झाल्या. मात्र २०२३ मध्ये २२ संस्थांतल्या सुमारे २७ हजार विद्यार्थ्यांवर हेच मोठ्या प्रमाणात करून पाहिले, तेव्हा उपयोग झाला तो जिथे आपलेपणाला खरोखर वाव होता तिथेच. तेव्हा विद्यार्थ्याला नुसते समुपदेशकाकडे पाठवून वर्ग होता तसाच ठेवला, तर फार फरक पडणार नाही. थेट दुसऱ्या वर्षाला येऊन आता शेवटच्या वर्षात असलेल्या दोघा-तिघांना पहिल्याच आठवड्यात नव्या मुलांशी बोलायला बोलवावे. खर्च शून्य.

पालकांनो, पहिल्या सत्रात "किती मार्क पडले?" हा फोनवरचा पहिला प्रश्न ठेवू नका. "कुणाबरोबर जेवतोस?" हे विचारा; त्याच्या उत्तरातून जास्त कळते. पोर उत्तर टाळत असेल, सलग दोन-तीन आठवडे आवाज पडलेला असेल, तर एसटी पकडून एकदा भेटून या. शेजारच्या मुलाशी तुलना नको हे सगळे सांगतात. मी त्यात भर घालीन: त्याच्या स्वतःच्या डिप्लोमाच्या टक्क्यांशीही तुलना नको. "तिथे तर नव्वद टक्के होते" हे वाक्य आईबापांच्या तोंडी कौतुकाने येते आणि मुलाच्या कानात वेगळेच वाजते.

डॉक्टरकडे कधी, आणि कुठे

वर सांगितलेली लक्षणे दोन आठवड्यांहून जास्त टिकली, सलग वर्ग बुडू लागले, परीक्षेला बसणेच टाळले, दारू किंवा इतर नशा सुरू झाली, तर थांबू नका. जगण्यात अर्थ नाही, आपण गेलो तर सगळे सुटतील, असे बोलणे कधीही 'नाटक' समजू नये. अशा वेळी त्या मुलाला एकटे ठेवू नका, घरात कीटकनाशक किंवा गोळ्यांचा साठा असेल तर हलवा, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. सरळ विचारले तर मनात नसलेला विचार येईल, ही भीती निराधार आहे. "मरावेसे वाटते का?" हे शांतपणे विचारता येते. लगेच धोका वाटला तर ११२ वर फोन करा.

टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा २०२२ पासून आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय राज्यातल्या चार जुन्या मनोरुग्णालयांपैकी एक आहे आणि तिथे बाह्यरुग्ण विभाग चालतो, म्हणजे दाखल न होता तपासून औषध घेऊन परत येता येते. त्याच्या नावाची टिंगल गावात चालते, हे मला ठाऊक आहे. ज्याला आधीच एका शिक्क्याचा त्रास आहे तो दुसऱ्याला भिणारच. संकोच वाटत असेल तर सुरुवात घरच्या डॉक्टरांपासून करा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुमची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे. उपचार घेतल्याचे कॉलेजला आपोआप कळत नाही.

झोपेच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेऊ नका, मित्राच्या तर नकोच. त्यांची सवय लागते आणि दुसऱ्या दिवशी डोके जड राहून अभ्यास आणखी मागे पडतो. नैराश्यावरची औषधे वेगळी असतात. त्यांचे व्यसन लागत नाही, पण गुण यायला दोन ते चार आठवडे जातात, आणि ती मनाने बंद करायची नसतात. सौम्य त्रासात औषधाविना, फक्त बोलण्याच्या उपचारानेही भागते.

पहिल्या भेटीला गुणपत्रिका आणायची गरज नाही. झोप, जेवण, दिवस कसा जातो, कुणाशी बोलणे होते, एवढेच आम्ही विचारतो. बरोबर कुणी यावे की नाही हे विद्यार्थ्याने ठरवावे. शक्यतो परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नव्हे, सत्र सुरू होऊन महिना झाला की या. तेव्हा उपचाराला पुरेसे आठवडे हाताशी असतात.